चौकटीबाहेर आलेला कुत्रा स्टिकरसारखा का दिसतो?

फोटोतली आकृती भोवतीच्या चौकटीतून बाहेर येतेय असं भासवायचं, या खेळातली तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. फोटोत कुत्रा पळतोय, सायकल उडी मारतेय किंवा कुणी हात पुढे केलाय. भोवती पांढरी चौकट काढली, चौकटीबाहेरचं बॅकग्राउंड पुसलं, पंजा किंवा चाक तेवढं बाहेर ठेवलं, खाली सावली दिली. हे शिकवणाऱ्या व्हिडिओत सांगितलेली एकही पायरी चुकलेली नाही. तरीही कुत्रा पळत बाहेर आल्यासारखा काही वाटत नाही. कुणीतरी कात्रीने कापून कागदावर डकवलाय असंच वाटतं. मग पुन्हा मास्क करायचा (म्हणजे नको तो भाग झाकायचा), केस न् केस सोडवत बसायचं, सावली आणखी गडद करायची. दोन तास जातात आणि आधीचा स्टिकर जरा नीट कापलेला स्टिकर होतो.

या चक्रात मीही भरपूर फिरलेय आणि प्रत्येक वेळी खापर कटआउटवर फोडलंय. आता मात्र माझं मत पक्कं झालंय. दोष बाहेर आलेल्या भागात क्वचितच असतो, तो असतो आकृती चौकटीची पट्टी जिथे ओलांडते तिथे. तेवढ्याशा जागेत डोळा फसतो किंवा फसत नाही. बाकीच्या फोटोवर कितीही घाम गाळला तरी तिथली कसर भरून निघत नाही.

पुढचं सगळं फोटोशॉप धरून लिहिलंय. गिम्प या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मेनूतली नावं बदलतील, काम तेच.

आधी निदान

दुरुस्तीला हात घालण्याआधी तीन मिनिटं द्या. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर; सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका (त्याने फोटो राखाडी दिसतो), फोटो पडद्यावर बोटभर दिसेल इतका लहान करा आणि एक डोळा मिटून बघा.

डोळा मिटण्यामागे कारण आहे. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांत जो किंचित फरक असतो, त्यावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं उपकरण, मांडून हे दाखवून दिलं होतं. साध्या फोटोत तो फरक नसतो. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे असले की समोर सपाट पृष्ठभाग आहे याचा पुरावा मेंदूला आपोआप मिळतो. एक डोळा मिटला की तो साक्षीदार गप्प बसतो आणि चित्रातल्या खुणांवरच निकाल लागतो. आपल्याला तपासायच्या आहेत त्या याच खुणा.

अशा लहान, राखाडी अवस्थेत फोटो उठून दिसत असेल आणि मोठा, रंगीत केल्यावर बिघडत असेल, तर दोष कडांचा आहे. तसं असेल तर खाली झालरीबद्दल लिहिलंय तिथे थेट जा. लहान असतानाही तो सपाटच वाटत असेल तर कडांना हात लावू नका, वेळ फुकट जाईल. मग सावलीचे सगळे लेयर बंद करून बघा. सावली काढल्यावर चित्र सुधारलं तर सावली खोटी पडतेय. काहीच फरक पडला नाही तर रचनाच चुकलीय, आणि बहुतेकदा हेच निघतं.

काही वर, काही खाली

पेरे बोरेल देल कासो या स्पॅनिश चित्रकाराने १८७४ मध्ये चौकटीतून बाहेर पडणारा एक मुलगा रंगवला. चित्र पाहिलं नसेल तर एकदा शोधून बघा, आपल्या कामाचं आहे. मुलाने दोन्ही हातांनी चौकटीच्या बाजू धरल्यात, एक पाय खालच्या पट्टीवर ठेवलाय, डोकं बाहेर काढलंय, आणि उरलेलं शरीर मागच्या काळोखात आहे. चौकटसुद्धा रंगवलेलीच. शरीराचा काही भाग चौकटीला झाकतो आणि काही भागाला चौकट झाकते. सगळी जादू त्यात आहे. मुलगा पूर्णच चौकटीवर रंगवला असता तर तो चौकटीसमोर उभा दिसला असता, बाहेर पडताना दिसला नसता.

आपल्या फोटोंत नेमकं हेच राहून जातं. 'सिलेक्ट सब्जेक्ट'चं बटण दाबलं की अख्खा कुत्रा निवडला जातो, नाकापासून शेपटीपर्यंत. तो अख्खा चौकटीच्या वरच्या लेयरवर जातो. पंजा पट्टीवरून पुढे येतो ते ठीक, पण शेपूटही बाजूच्या पट्टीवरून बाहेर येते आणि मागचा पायही. चौकटीने कुत्र्याचं काहीच झाकलेलं नाही. मग मेंदूच्या दृष्टीने चौकट मागे आणि कुत्रा पुढे, म्हणजे कागदावर चिकटवलेलं चित्र. मेंदूचं काही चुकलेलं नाही, आपणच त्याला तसं सांगितलंय.

उपाय लेयरच्या क्रमात आहे. एकाच फोटोच्या दोन प्रती, जागेवरून तसूभरही न हललेल्या. खालची प्रत चौकटीच्या आतल्या भागापुरती मास्क केलेली. तिच्यावर चौकटीचा लेयर. त्याच्यावर दुसरी प्रत, तिच्या मास्कमध्ये फक्त तेवढाच भाग पांढरा जो खरोखर पुढे यायचाय (मास्कमधलं पांढरं दिसतं, काळं लपतं). मी ही वरची प्रत आधी पूर्ण काळ्या मास्कने झाकते आणि मग पंजा, छाती, थोबाड असं पांढऱ्या ब्रशने उघडत आणते. 'सिलेक्ट सब्जेक्ट'ने मिळालेली निवड हाताशी असली की ब्रश कडेबाहेर जात नाही. शेपूट उघडायचीच नाही. ती खालच्या प्रतीत आहे, चौकटीपाशी आपोआप कापली जाते आणि पट्टीमागे गेल्यासारखी दिसते.

हे करताना एक गोष्ट हटकून अडते: मागचा पाय. धावणाऱ्या कुत्र्याच्या फोटोत पुढचे दोन पंजे खालच्या पट्टीवरून बाहेर यायचे असतात, पण मागच्या पायाचा पंजाही नेमका त्याच पट्टीपर्यंत पोचलेला असतो. तो वर ठेवला तर मागचा पाय पुढच्या पायाइतकाच जवळ आल्यासारखा वाटतो आणि कुत्रा दुमडतो. तो पट्टीने कापलाच पाहिजे. जीव होत नाही, चांगला पंजा वाया गेल्यासारखा वाटतो, पण कापा. कापला की पुढचा पंजा आपोआप बाहेर झेपावतो. त्याच्यावर काही न करता.

चौकटीच्या बाहेर किती यावं, हाही प्रश्न येतो. माझ्या मते कमीच. एक पंजा आणि नाक पुरतं. अर्धं शरीर बाहेर आलं की चौकट आधार न राहता सजावट होते.

पंज्याभोवती आपोआप उमटणारी पांढरी रेघ

काहीजण वरची प्रत न वापरता चौकटीच्याच लेयरला मास्क लावून पंजाच्या जागी ती खोडतात. तसं केलं आणि चौकट 'स्ट्रोक' या लेयर स्टाइलने काढलेली असली, की पंजाभोवतीही तेवढ्याच जाडीची पांढरी रेघ येते. खोडावी तितकी ती पुढे सरकते. यात बिघाड काही नाही. स्ट्रोक लेयरच्या दिसणाऱ्या कडेवर बसतो आणि मास्कने तुम्ही नवी कड तयार केलीय. ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये 'लेयर मास्क हाइड्स इफेक्ट्स' या ओळीपुढे खूण केली की रेघ जाते.

पण स्ट्रोकचा दुसरा तोटा जास्त मोठा आहे आणि तो पटकन ध्यानात येत नाही. चौकट स्ट्रोकने काढून तिला 'डिस्टॉर्ट' किंवा 'पर्स्पेक्टिव्ह'ने तिरकी केली, तर आकार तिरका होतो पण पट्टीची जाडी सगळीकडे सारखीच राहते, कारण स्ट्रोक आकार बदलल्यानंतर नव्याने मोजला जातो. खऱ्या तिरक्या चौकटीत जवळची बाजू जाड दिसते, लांबची बारीक. जाडी सारखी असली की चौकट तिरकी नसून वेडावाकडा चौकोन आहे असं वाटतं. म्हणून चौकट भरीव करा: मोठ्या पांढऱ्या आयतातून लहान आयत कापून काढा किंवा स्टाइल रास्टराइज करा (म्हणजे साध्या पिक्सेलांत बदला), आणि मगच तिरकी करा. स्ट्रोक 'आउटसाइड' ठेवला की कोपरे गोल होतात, हीसुद्धा नेहमीची तक्रार. भरीव चौकटीत तीही सुटते.

मास्क आणि फोटो यांच्यामधली साखळी उघडी की बंद, हेही बघत चला. साखळी लागलेली असताना फोटो सरकवला तर मास्कही सरकतो. न लागलेली असताना मास्क जागीच राहतो आणि पंजाच्या जागी गवत दिसायला लागतं.

चौकट कुठे आहे? उभी की पडलेली?

चौकट वरच्या बाजूला निमुळती करायची, ही सवय व्हिडिओंनी लावलीय. ती का निमुळती करायची ते कुणी सांगत नाही. निमुळती चौकट म्हणजे जमिनीवर पडलेली किंवा मागे कललेली चौकट. तुमच्या फोटोत तशी पडू शकते का, ते क्षितिज ठरवतं.

समुद्र किंवा सपाट माळ दिसत नसला तरी क्षितिजरेषा शोधता येते. रस्त्याच्या कडा, फरशीच्या रेषा, भिंतीचा माथा आणि पाया यांच्या समांतर रेषा वाढवा; त्या जिथे भेटतात ती क्षितिजाची पातळी. याहून सोपी खूण माणसांची. सपाट जमिनीवर कॅमेरा ज्या उंचीवर होता, त्या उंचीच्या सगळ्या गोष्टी क्षितिजरेषेवर येतात, जवळच्या असोत की लांबच्या. कॅमेरा छातीपाशी धरून फोटो काढला असेल तर सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांच्या छातीतून एकच आडवी रेघ जाईल. ती रेघ एका वेगळ्या लेयरवर लाल रंगात ओढून ठेवा, काम संपेपर्यंत पुसू नका.

आता चौकट जमिनीवर पडली आहे असं दाखवायचं असेल, तर तिच्या डाव्या-उजव्या बाजू वर वाढवल्यावर लाल रेघेवर भेटल्या पाहिजेत. चौकट उभी पण वळवलेली असेल, तर वरची आणि खालची पट्टी वाढवल्यावर त्याच रेघेवर भेटायला हवी. आणि जमिनीवर पडलेल्या चौकटीची वरची पट्टी लाल रेघेच्या वर कधीच जाऊ शकत नाही. सपाट जमिनीवरची कुठलीच गोष्ट क्षितिजाच्या वर दिसत नाही. चौकट पडलेली आणि तिच्यात आकाशही, हा प्रकार दिसला की समजायचं फोटो इथेच सपाट झालाय.

मी ज्या फोटोवर सगळ्यात जास्त वेळ घालवला, त्यात कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला होता. कुत्रा अंगावर येतोय, कान हवेत, एक पंजा लेन्ससमोर. या फोटोत चौकट बसायलाच हवी असं वाटत होतं. पण क्षितिज कुत्र्याच्या गुडघ्यापाशी, म्हणजे पडलेली चौकट बसवायची तर ती एका काडीएवढी चपटी करावी लागणार. तरी मी ती नेहमीसारखी निमुळती करत राहिले आणि कुत्रा दर वेळी चौकटीत मागे कलंडल्यासारखा दिसत राहिला. शेवटी चौकट सरळ उभी केली, अजिबात न वळवता, साधा आयत. कुत्रा ताबडतोब ताठ झाला. जमिनीलगतच्या कॅमेऱ्याच्या फोटोंना उभी चौकट द्या आणि वरून काढलेल्यांना पडलेली. मधल्या उंचीच्या फोटोंत दोन्ही करून बघावं लागतं.

ड्रॉप शॅडो म्हणजे स्टिकरचीच सावली

इथे जरा थांबू, कारण निम्मे फोटो इथे मरतात.

ड्रॉप शॅडो काय करतो? आकृतीची छाया घेतो, जरा बाजूला सरकवतो, धूसर करतो. अशी सावली खऱ्या जगात कधी पडते? एखादा सपाट कागद दुसऱ्या सपाट पृष्ठभागाच्या किंचित वर, त्याला समांतर धरला तर. म्हणजे हा इफेक्ट अचूकपणे सांगतो की ही वस्तू कागदाची आहे आणि पानापासून जरा उचललेली आहे. चौकटीला तो शोभतो, चौकट कागदीच असते. पंजाला दिला की पंजा कागदी होतो. ती सावली आणखी गडद करणं म्हणजे तेच वाक्य मोठ्याने म्हणणं.

वस्तू कुठे आहे हे मेंदू सावलीवरून किती ठरवतो, याचा एक छान प्रयोग डॅनियल कर्स्टन, पास्काल मॅमासियन आणि डेव्हिड निल यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. पडद्यावर एका खोक्यात चेंडू तिरका सरकतो. चेंडूची वाट दोन्ही वेळा तीच, फक्त सावलीची वाट बदललेली. सावली चेंडूला चिकटून गेली तर चेंडू खोक्याच्या तळावरून मागे जाताना दिसतो. सावली वेगळ्या वाटेने गेली तर तोच चेंडू हवेत वर उचलला जाताना दिसतो. म्हणजे पंजा जमिनीला टेकलाय की अधांतरी आहे, हे पंजा सांगत नाही. सावली आणि पंजा यांच्यातलं अंतर सांगतं.

तेव्हा सावली हाताने बांधायची. सुरुवातीला ड्रॉप शॅडो घेतला तरी चालेल, पण लगेच 'क्रिएट लेयर' करून तो वेगळा काढा आणि 'डिस्टॉर्ट'ने जमिनीवर झोपवा. दिशा मनाने ठरवायची नाही. फोटोतच बघा: नाकाची सावली कुठल्या गालावर आहे, गवतात कुत्र्याची मूळ सावली कुठे पडलीय. फोटोशॉपमध्ये 'युज ग्लोबल लाइट' ही खूण लावलेली असते, त्यामुळे सगळ्या इफेक्टचा प्रकाश एका कोनातून येतो. फोटोतल्या सूर्याला तो कोन माहीत नसतो. आतली सावली उजवीकडे आणि बाहेरची डावीकडे, हे इतक्या फोटोंत दिसतं की मी आता सगळ्यात आधी तेच बघते. सावलीची लांबी सूर्याच्या उंचीवर: सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली वस्तूच्या उंचीइतकी, ३० अंशांवर असेल तर साधारण पावणेदोनपट.

धूसरपणाचंही गणित आहे आणि ते अवघड नाही. सूर्य ठिपका नाही. आपल्याला तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. म्हणून सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब, तितकी विरत जाते. उन्हाच्या वाटेने मोजलेल्या दर एक मीटर अंतराला कडेचा धूसर पट्टा साधारण ९ मिलिमीटर रुंद होतो. हे फोटोवर उतरवायचं तर मोजमाप हवं. समजा पंजा खरा ६ सेंटिमीटर रुंद आहे आणि फोटोत तो २४० पिक्सेल भरतो. म्हणजे १ मिलिमीटरला ४ पिक्सेल. पंजा उन्हाच्या वाटेने जमिनीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर धूसर पट्टा जेमतेम एक मिलिमीटर, ४ पिक्सेल. डोकं तसंच ६० सेंटिमीटरवर असेल तर त्याच्या सावलीच्या कडेचा पट्टा साडेपाच मिलिमीटर, २२ पिक्सेल. धूसर करणाऱ्या 'गॉसियन ब्लर' फिल्टरचा आकडा या पट्ट्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका ठेवला की जमतं. सगळ्या सावलीला एकच ब्लर दिला की ती धुराच्या ढगासारखी दिसते ती यामुळेच. ढगाळ दिवसाचा फोटो असेल तर हे गणित सोडून द्या. तिथे कडक सावली पडतच नाही, फक्त वस्तूच्या बुडाशी काळोख दाटतो.

तो बुडाशी दाटलेला काळोख उन्हातल्या फोटोतही लागतो. टेकलेल्या पंजाच्या नखांखाली, बोटांच्या मधल्या खाचांत, दोन-तीन पिक्सेलची जवळजवळ काळी रेघ. मोठी सावली चुकली तरी ही रेघ पंजाला जमिनीवर धरून ठेवते. माझा एक ब्रश फक्त एवढ्या कामासाठी असतो, लहान, कडक, कमी फ्लोचा (म्हणजे रंग हळूहळू सोडणारा).

रंग शुद्ध काळा नको. उघड्या आकाशाखाली सावलीत निळसर उजेड पोचतोच. फोटोतल्याच एखाद्या सावलीतून रंग उचला, जरा राखाडी करा आणि लेयर 'मल्टिप्लाय' या खालचं गडद करणाऱ्या मोडवर ठेवा. उन्हातलं गवत आणि सावलीतलं गवत यांत जितका फरक आहे, तितकाच पांढऱ्या जमिनीवरही असू द्या.

आता पट्टी. पंजा ज्या पट्टीवरून पुढे येतो, त्या पट्टीवर त्याची सावली पडायला हवी, आणि ही जागा रिकामी सोडलेले फोटो ढिगाने सापडतील. गवतातली मूळ सावली फोटोबरोबर येते, बाहेरच्या पांढऱ्यावरची आपण काढतो, आणि मधली पट्टी कोरीच राहते. सावली एका बाजूने येते, पट्टीपाशी गायब होते, पलीकडे पुन्हा उगवते. पट्टीला तेवढी जाडी द्यायची असेल तर आणखी एक करा: पट्टीवरचा सावलीचा तुकडा उजेडाच्या दिशेला चार-सहा पिक्सेल सरकवा. पट्टी जमिनीपेक्षा उंच आहे, म्हणून सावली तिच्यावर वस्तूच्या जरा जवळ पडते आणि दोन्ही बाजूंना छोटी पायरी दिसते. २०० टक्क्यांवर बघाल तर फार क्षुल्लक वाटेल. मग १०० वर या, तो तुकडा चालू-बंद करून बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बाकीचं काही न बदलता पंजा पट्टीवरून उचलला गेला होता.

कडेची झालर

लहान असताना चांगला वाटणारा फोटो मोठा केल्यावर बिघडतो तो या झालरीमुळे. तपकिरी लव, तिच्या भोवती हिरवट बारीक काठ. मास्क कितीही आत ओढला तरी थोडा उरतोच.

कडेवरचा पिक्सेल मुळातच भेसळीचा असतो, थोडी लव, थोडं गवत. मास्क त्याला अर्धपारदर्शक करतो, पण त्याच्यातला हिरवा काढून घेत नाही. वर जेपीईजीची खोड. जेपीईजीत बरेचदा उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची दोन बाय दोन पिक्सेलांना मिळून एकच. त्यामुळे गवताचा रंग लवेच्या कडेत एखाद-दोन पिक्सेल घुसलेला असतो. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, जेपीईजी न केलेल्या फाइलमध्ये, असेल तर हा दुसरा त्रास टळतो.

पण थांबा, सगळी कड साफ करायची गरज नाही. चौकटीच्या आत वरच्या प्रतीची कड तिच्याच मूळ गवतावर आहे, तिथे झालर दिसतच नाही. झालर फक्त चौकटीबाहेरच्या आणि पट्टीवरच्या कडेला दिसते. म्हणजे काम एका पंजाचं आणि अर्ध्या थोबाडाचं. 'सिलेक्ट अँड मास्क'मधलं 'डीकंटॅमिनेट कलर्स' अख्ख्या आकृतीवर चालवलं तर ते आतल्या कडेचे पिक्सेलही बदलतं आणि जिथे काही नव्हतं तिथे फिकट काठ उमटतो. मी ते वापरत नाही. वरच्या प्रतीवर एक रिकामा लेयर क्लिप करते (म्हणजे तो त्या प्रतीपुरताच दिसतो), मोड 'कलर', आतल्या लवेचा रंग उचलून बाहेरच्या कडेवर मऊ ब्रश फिरवते. उजेड तोच राहतो, हिरवा जातो. उजेडाचाच काठ असेल, म्हणजे आकाशासमोरची पांढरट किनार, तर तसाच दुसरा लेयर 'डार्कन'वर.

लबाडीचा मार्गही आहे. बाहेरचं बॅकग्राउंड पांढरंशुभ्र न ठेवता फोटोतल्या मागच्या भागाच्या जवळपास उजेडाचा राखाडी घ्या. निम्मी झालर त्यात विरघळते. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

आणि फोटो निवडतानाच ठरवा की बाहेर काय यायचंय. पंजा, चाक, बूट, कोपर यांच्या कडा कडक असतात. मोकळे केस आणि झुपकेदार शेपटी चौकटीच्या आतच राहू द्या.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी

फोटोत नॉइज, म्हणजे बारीक दाणे, असतो, आपण काढलेली चौकट आणि जमीन मात्र काचेसारखी स्वच्छ. दोन्हींवर एक-दोन टक्के नॉइज टाका. लेन्ससमोरचा पंजा फोकसबाहेर असेल तर त्याच्या शेजारची पट्टीही तेवढीच धूसर हवी. धारदार पट्टीवर धूसर पंजा म्हणजे दोन वेगळे फोटो.

शार्पन सगळ्यात शेवटी एकत्र करू नका. ते प्रत्येक कडेला उजळ-काळा काठ देतं आणि पंजाभोवती पुन्हा कटआउटची रेघ येते. आधी मूळ फोटो हवा तेवढा शार्प करा, मग दोन प्रती करा.

काम करून पीएनजी पाठवला आणि समोरच्याने "सावली कुठेय?" विचारलं, तर बॅकग्राउंड पारदर्शक राहिलंय. त्याच्या पडद्यावर डार्क मोड आहे, काळ्यावर काळी सावली दिसणार कशी. पाठवण्याआधी खाली रंगाचा लेयर भरा.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर मूळ फोटो पुन्हा उघडून त्याच्या चारही कडा बघा. बाहेर यायचा पंजा कॅमेऱ्याच्याच चौकटीत कापला गेला असेल, नखं फोटोच्या काठाबाहेर राहिली असतील, तर तो पंजा बाहेर काढता येत नाही. तिथे बाहेर आणायला काही उरलेलंच नसतं. बर्स्टमधला, म्हणजे एका दमात सलग काढलेल्या फोटोंतला, आधीचा फोटो घ्या, ज्यात कुत्रा दोन पावलं मागे आहे.